तो लिव्हर आणि ते लिव्हर

लिलाधरला एक लिव्हर हवा होता.

इथे लगेच खुलासा केलेला बरा. हाच खुलासा त्याने स्वतः वेळेवर केला असता, तर सिहोऱ्यातल्या अर्ध्या गल्लीचे हात पिवळे झाले नसते. त्याला हवा असलेला लिव्हर म्हणजे दांडा. व्हिडिओ गेमच्या जुन्या पेट्यांना असायचा तसला, वर लाल गोळा असलेला, मुठीत धरून चारी दिशांना हलवायचा दांडा. माणसाच्या पोटात उजवीकडे असतं ते लिव्हर वेगळं. ते लिलाधरकडे जन्मापासून होतं आणि छान चाललं होतं. मराठीत या दोन वस्तूंमध्ये फरक आहे तो फक्त लिंगाचा : दांड्याचा तो लिव्हर, पोटातलं ते लिव्हर. आणि भंडारा जिल्ह्यात धानाच्या हंगामात एवढं व्याकरण पाळायला कोणाला वेळ नसतो. तिथे दोन्ही 'तो'च.

लिलाधर रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेला. तुमसरच्या एका खाजगी प्रयोगशाळेत नोकरीला. चिखल्याच्या खाणीकडून मँगनीजचे नमुने पुड्या बांधून येतात, आणि त्यात मँगनीज किती अन् नुसता दगड किती, हे लिलाधर सांगतो. दशांशचिन्हाच्या पुढे दोन घरांपर्यंत. ही दोन घरं त्याच्या स्वभावातही उतरली होती. गावात कोणी म्हणालं, "तलाव भरला," की हा विचारणार, "किती?" कोणी म्हणालं, "पोराले ताप आहे," की हा म्हणणार, "मोजला का?" अशा माणसाला गाव मान देतं, पण चहाला बोलवत नाही.

लिव्हर मात्र त्याला मोजता न येणाऱ्या कारणासाठी हवा होता. ते कारण जामनगरला राहत होतं आणि त्याचं नाव दीपमाला.

दीपमाला त्याची मोठी बहीण. लहानपणी बाबा, म्हणजे मधुकरराव, धान घेऊन तुमसरच्या राइस मिलमध्ये जायचे, तेव्हा या दोघांना बसस्टँडमागच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात सोडून द्यायचे. मिलमध्ये रांग मोठी, दुकानदार ओळखीचा. तिथल्या कुस्तीच्या पेटीला दोन लिव्हर होते. डावा ताईचा, उजवा लिलाधरचा. ताई लिव्हर खालून समोर असा सर्रकन फिरवायची, बटणावर बुक्का मारायची, आणि तिच्या पहिलवानाच्या हातातून आगीचा लोळ निघायचा. लोळ सोडण्याआधी ती ओरडायची, "आला रे आला!" सांगून मारायची, तरी लागायचा. जो हरेल त्याने बाजाराची पिशवी बसपर्यंत उचलायची, असा ठराव होता. लिलाधरचा उजवा खांदा आजही किंचित उतरता आहे.

मग ताईचं लग्न झालं. जावई भोजराज रिफायनरीत, पाळीची ड्यूटी. मोनूची शाळा. सासूबाईंचे गुडघे. दिवाळी आली की यातलं काहीतरी एक आडवं यायचं, आणि भाऊबीजेला लिलाधर व्हिडिओ कॉलवर कपाळ पुढे करून बसायचा. पडद्याला कुंकू लावता येत नाही, हे विज्ञानाच्या पदवीधराला कोणी सांगायला नको. तरी तो कपाळ पुढे करायचा.

फोनवर ताई बोलायची ते सगळं छापील. "हो. बरं आहे. जेवले. आईचा खोकला?" बस. म्हणून पहिल्या पगारवाढीला लिलाधरने कन्सोल घेतला. भाऊजींकडे एक होताच. रविवारी दुपारी दोन्हीकडची माणसं कलंडली की भाऊ-बहीण इंटरनेटवरून एकमेकांना बुकलायला बसायचे. कानाला हेडफोन. आणि काय सांगावं, मारामारी सुरू झाली की ताई बोलायची! "इथलं पानी खारं लागते रे." मग एक लाथ. "काल तांदूळ निवडता निवडता आपला तलाव आठोला." मग दोन बुक्के. हात भांडणात गुंतले की तोंड मोकळं होतं, हा लिलाधरचा निष्कर्ष होता आणि तो त्याने पुरेशा निरीक्षणांवरून काढला होता.

संकट आणलं भोजराज भाऊजींनी, तेही प्रेमापोटी. बायकोच्या वाढदिवसाला त्यांनी तिला लिव्हरवाला कंट्रोलर भेट दिला. लाल गोळ्याचा. ताईच्या हाताला जुनं सगळं आठवलं. आता कुस्ती सुरू होते न होते तोच लिलाधरचा पहिलवान आडवा.

"ऐक ना, परवा सासूबाईनं मले सांगितलं का... आला रे आला!"

आणि धप्प. पडद्यावर निकाल. ताई हसायची आणि सासूबाईंनी काय सांगितलं ते जामनगरलाच राहायचं. असली अर्धी वाक्यं लिलाधरच्या कानात आठवडाभर वाजत राहायची. पुढेपुढे तर ती म्हणू लागली, "तू काही सुधरत नाही बे. मजा नाही येऊन राहिली." मग एका रविवारी म्हणाली, आज नको, कपडे आहेत. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा कपडे होते.

तेव्हा लिलाधरने ठरवलं. त्याला जिंकायचं नव्हतं. उशिरा हरायचं होतं. निदान एक वाक्य पूर्ण होईल इतक्या उशिरा.

कन्सोलसोबत आलेल्या कंट्रोलरवर ते शक्य नव्हतं. त्याच्या अंगठ्याला फोड आला होता आणि लोळ काही निघत नव्हता. सल्ल्यासाठी तो विक्कीकडे गेला. विक्कीचं चौकात मोबाइल दुरुस्तीचं दुकान. ज्या वस्तूला पडदा आहे त्या प्रत्येक वस्तूवर गावात त्याचाच शब्द शेवटचा.

"भाऊ, लिव्हर म्हनजे झंझट," विक्की म्हणाला. "आता सारी दुनिया बिनालिव्हरवर चालून राहिली. नुसते बटनं. एका बोटाले डावं, एकाले उजवं, एकाले खाली, अन् अंगठ्याले उडी. पाय ना, मोठेमोठे खेळाडू, सगळे बिनालिव्हरचे."

"अन् सवय?"

"पयले तीन-चार महिने मरन आहे. मंग मानूस इसरूनच जाते का आपल्याले कधी लिव्हर होता म्हनून."

लिलाधर ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवत नसे. आधी लिव्हर तपासायचा, मग तो नाकारायचा, अशी त्याची पद्धत. म्हणून तो तुमसरला त्या जुन्या दुकानात गेला. तिथे आता मोबाइलची कव्हरं टांगलेली. पेटी कधीच भंगारात गेली होती. पण दुकानदाराने एक लिव्हर काढून ठेवला होता, शटर अर्ध्यावर अडवायला. गोळ्याचा रंग अर्धा उडालेला. लिलाधरने तो हातात घेतला आणि ओळखला. डावा. ताईचा. दुकानदाराने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि शटरखाली वीट लावली.

लिव्हर बसवायला लाकडी पेटी पाहिजे. लिलाधरने आईचा जेवायचा पाट आणला, विक्कीने त्याला भोकं पाडली, तारा जोडल्या. यंत्र सुरेख दिसत होतं. दोष इतकाच की लिव्हर फक्त डावीकडे जायचा. उजवीकडे जायला त्याचा तात्त्विक विरोध होता. पहिल्याच कुस्तीत लिलाधरचा पहिलवान जो मागे सरकत गेला तो पडद्याच्या भिंतीला पाठ लावूनच थांबला.

"काहून पळून राहिला बे?" ताईने विचारलं. मग आला रे आला. मग धप्प.

आता तो फोन. लिलाधरच्या घरी नेटवर्क येतं ते फक्त मागच्या अंगणात, शेजारच्या भागीरथाबाईंच्या भिंतीला खेटून उभं राहिलं तर. आणि ते इतकं क्षीण की समोरच्याला ऐकू जायला शेतात हाकारल्यासारखं बोलावं लागतं. भिंतीपलीकडे भागीरथाबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या. त्यांना ऐकू आला तो संवाद एकतर्फी होता, आणि लिलाधरच्या सवयीप्रमाणे अत्यंत नेमका होता.

"विक्की, माहा लिव्हर गेला! ... हो, पूर्ण सडला. ... नाही, दुरुस्त होन्यासारखा नाही राहिला, आतून पार खराब आहे! ... नवा बसवता येते, पण तो किती दिवस टिकन याची ग्यारंटी कोन देते? ... नको. काढूनच टाकू. आता बिनालिव्हरचंच! ... हो ना, पयले तीन-चार महिने मरन आहे, तूच म्हटलं होतं. ... मागव तू. ... अन् हे पाय, आईले बिलकुल सांगजो नको!"

"तिचा पाट आपण कापला," हे पुढचं वाक्य भागीरथाबाईंपर्यंत पोचलं नाही. त्या तोवर सूप टाकून उठल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी लिलाधरच्या ताटात बिनतेलाची, बिनमिठाची भाजी आली. ताट वाढून आई, मनकर्णाबाई, पदर तोंडाला लावून चुलीकडे तोंड करून बसली. बाबा समोर येऊन उभे राहिले. मधुकरराव कमी बोलत. बोलायचे तेव्हा मुद्द्याचं.

"कवापासून पितेस?"

"काय?"

"मोहाची का इंग्रजी?"

ज्या माणसाने आयुष्यात वेलचीचा चहासुद्धा उत्तेजक म्हणून नाकारला, त्याच्या अभिमानाला हा घाव होता. लिलाधर उठून उभा राहिला. इतक्यात दारातून भागीरथाबाई उसाच्या रसाची गडवी घेऊन आत आल्या, आणि तिघांच्या तोंडून तुकड्यातुकड्यांनी सगळा प्रकार त्याच्या लक्षात आला.

"आई, तुमचा गैरसमज झाला," तो म्हणाला. "लिव्हर म्हणजे यकृत नाही."

आईने पदर काढला. "अरे देवा! आता हे यकृत कोनतं नवीन?"

"तसं नाही! मी म्हणून राहिलो तो लिव्हर म्हणजे... तरफ!" शाळेच्या पुस्तकातला अचूक शब्द सापडल्याचं त्याला समाधान वाटलं. "तरफ!"

भागीरथाबाईंनी गडवी खाली ठेवली. "कोनाच्या तरफेनं?"

"कोणाच्या तरफेनं नाही. नुसती तरफ."

"पाय वो मनकर्णा," भागीरथाबाई हळूच म्हणाल्या, "डोक्यावर परिनाम झाला. माह्या मामेसासऱ्याचंही असंच. पयले लिव्हर, मंग बडबड."

त्याने आईला कन्सोल दाखवला, पहिलवान दाखवले, बटणं दाखवली. आईने सगळं शांतपणे पाहिलं आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "खेळ बाबू. मन रमते तर खेळ. आता कोनी काही म्हननार नाही तुले." पुरावा म्हणून विक्कीच्या दुकानातून पाट आणावा, असं त्याच्या मनात आलं. पण त्या परिस्थितीत आईला तो भोकं पाडलेला पाट दाखवणं त्याच्याने झालं नाही.

संध्याकाळी इतवारीबुवा आले. इतवारीबुवा तलावात जाळं टाकून मासे धरायचे, आणि वारानुसार कावीळ उतरवायचे. त्यांनी येताच लिलाधरच्या डोक्यावर कसल्याशा काड्यांची माळ ठेवली. रोज ती वाढत जाते, डोक्यावरून गळ्यात उतरते, गळ्यातून पोटावर, आणि पोटावर आली की कावीळ गेली.

"ती वाढते कारण काड्या वाळतात आणि गाठी सैल होतात," लिलाधर म्हणाला.

"वाढते ना?" इतवारीबुवा म्हणाले. "झालं मंग."

मग त्यांनी कसल्याशा सालीचा रस लिलाधरच्या हातांना चोळला आणि चुन्याच्या निवळीत हात धुतले. पाणी पिवळं झालं. जमलेल्या गल्लीने "हाय हाय" केलं. इथे मात्र लिलाधरमधला रसायनशास्त्रज्ञ जागा झाला. गप्प बसला असता तर हात धुण्यावर निभावलं असतं. पण पदवी माणसाला गप्प बसू देत नाही.

"हा आंब्याच्या सालीचा रस आहे," तो सगळ्यांकडे वळून म्हणाला. "साल आणि चुना एकत्र आले की पिवळा रंग येणारच. याचा काविळीशी काडीचा संबंध नाही. कोणाच्याही हाताले येईल! आई, हात पुढे कर. बाबा, तुम्ही पण. भागीरथाकाकू, या. बुवा, तुमचे स्वतःचे हात आणा."

एकामागून एक हात चोळले गेले, धुतले गेले. चारही जणांचं पाणी हळदीसारखं पिवळंजर्द झालं. लिलाधरने विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. "पाहिलं?"

सगळ्यांनी पाहिलं होतं. भागीरथाबाई ओट्यावर मटकन बसल्या. "सगळ्याइलेच झाली."

इतवारीबुवा स्वतःच्या हातांकडे बघत उभे होते. एवढी वर्षं लोकांची कावीळ उतरवताना त्यांनी कधी स्वतःची तपासली नव्हती. "मले बी?" ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका बारीक झाला की लिलाधरला आपल्या प्रयोगाची लाज वाटली. त्याने डोक्यावरची माळ काढून त्यांना देऊ केली. त्यांनी नको म्हटलं. तुले जास्त आहे, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आरोग्यसेविका शुभांगीताई गल्लीत आल्या. घरोघरी क्लोरीनच्या बाटल्या वाटल्या आणि लिलाधरचं नाव लिहून घेतलं. त्याने वाकून पाहिलं. नावापुढे लिहिलं होतं : 'लिव्हर – नाही (घरच्यांच्या सांगण्यावरून)'.

"ताई, हे चुकीचं आहे. मला लिव्हर आहे."

"मंग डॉक्टरचा दाखला आना, भाऊ."

"कसला?"

"लिव्हर असल्याचा."

तुमसरच्या डॉक्टरांनी त्याचं पोट दाबून पाहिलं, सगळं ठीक आहे म्हणाले, पण दाखला द्यायला तयार होईनात. खराब असल्याचा दाखला देतात, गेल्याचाही देता येतो. असल्याचा दाखला कोणी मागितलेला नाही आणि त्याचा नमुनाही नाही. आहे ते आहे, त्यात लिहायचं काय? लिलाधरला हे तर्कशुद्ध वाटलं. गावात ते सांगून उपयोग नव्हता.

आणि मग ताईचा फोन आला. तो भिंतीला खेटून उभा होता. पलीकडे सूप वाजायचं थांबलं.

"आईनं सांगितलं मले सगळं," ताई म्हणाली. आवाज छापील नव्हता. "खोटं बोलू नको. मी रक्त तपासून आली. तुह्या-माह्या रक्ताचा गट जुळते. डॉक्टर म्हने अर्धा कापून देला तरी वाढते परत, देनाऱ्याचाही अन् घेनाऱ्याचाही. तिकीट काढलं. येऊन राहिली मी."

लिलाधरने तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, छोटं होतं, अचूक होतं : ताई, लिव्हर म्हणजे दांडा. मँगनीजमध्ये दशांशाच्या दुसऱ्या घरातली चूक दिसली तरी अख्खा नमुना पुन्हा तपासणारा हा माणूस. त्याने श्वास घेतला.

"ये," तो म्हणाला.

फोन बंद झाला. पुढे विचारलं तेव्हा तो सांगायचा की नेटवर्क गेलं. पण त्या दुपारी नेटवर्कच्या सगळ्या काड्या उभ्या होत्या. असं त्या भिंतीशी कधी होत नसे.

त्यानंतर त्याने गल्लीत कोणाला काही समजावलं नाही. बिनमिठाची भाजी खाल्ली. उसाचा रस प्यायला. माळ डोक्यावरून गळ्यात उतरली, ती तशीच राहू दिली. कोणी विचारलं, "कसं वाटते बाबू?" तर तो म्हणायचा, "बरं वाटते." किती, ते सांगायचा नाही.

ताई तुमसर रोड स्टेशनवर उतरली. वाळली होती. हातात एक लहान बॅग आणि छातीशी धरलेली दवाखान्याची फाइल. तिने त्याला मिठी मारली नाही, काही विचारलं नाही. सरळ पुढे येऊन त्याच्या डोळ्याची पापणी खाली ओढली.

"डोळे तर पांढरे दिसून राहिले. जीभ काढ."

"ताई..."

"बोलू नको. दम लागते अशात. मी सगळं वाचून आली."

लिलाधरने प्रवासभर वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. त्याने हवेत मूठ धरली आणि ती खालून समोर सर्रकन फिरवली, आणि म्हणाला, "हा. हा लिव्हर."

दीपमालाने त्याच्या मुठीकडे पाहिलं. गाडी हलली, डबे एकेक करून निघून गेले, फलाट मोकळा झाला, तरी ती मुठीकडेच पाहत होती. मग तिने फाइल उचलली आणि त्याच्या उतरत्या खांद्यावर दाणकन हाणली. "आला रे आला" न म्हणता. मग बाकावर बसली, ओढणी तोंडावर घेतली, आणि तिचे खांदे हलू लागले. हसते आहे की रडते आहे हे त्याला कळेना, आणि आयुष्यात प्रथमच त्याने ते तपासायला जायचं नाही असं ठरवलं.

बऱ्याच वेळाने ती ओढणीतूनच म्हणाली, "तवा फोनवर काहून नाही सांगितलं?"

"तू येतो म्हणाली."

ती उठली. बॅग त्याच्या हातात दिली. पिशवी हरणाऱ्याने उचलायची असते.

घरी आईला सत्य सांगायचं काम ताईने केलं. तिने दांडा म्हटलं आणि आईला लगेच कळलं. आधी आई देवापुढे जाऊन बसली. मग उठून आली आणि लिलाधरवर बरसली. "लिव्हर पाहिजे होता तर मी देला असता माहा! पाट काहून कापला?"

विक्कीने मागवलेला बिनालिव्हरचा कंट्रोलर त्याच दिवशी येऊन पडला होता. काळी सपाट पाटी, वर बटणांची रांगोळी. जेवणं झाली, आई-बाबा कलंडले. ताईने विक्कीकडून परत आलेला पाट मांडीवर घेतला. उडालेल्या रंगाच्या गोळ्यावर तिचा हात गेला आणि तिथेच थांबला.

"हा तर आपला..."

"डावा," लिलाधर म्हणाला. "शटरखाली होता."

कुस्ती सुरू झाली. कुस्ती कसली! लिलाधरची बोटं खालीच्या ऐवजी उडी दाबत होती, आणि ताईचा लिव्हर डावीकडेच जात होता. एक पहिलवान जागच्या जागी बेडकासारखा उड्या मारतोय, दुसरा पाठ भिंतीला लावून उभा. कोणी कोणाला शिवेना. वर घड्याळ चालू. दोघं एकाच चटईवर, खांद्याला खांदा.

"ताई, त्या दिवशी सासूबाईनं तुले काय सांगितलं होतं? तू म्हणाली, सांगितलं का, अन् मी पडलो."

ती लिव्हर उजवीकडे रेटत होती. "म्हटलं होतं का, दिवाळीत तू गेली तर मोनूले कोन पाहील. मी म्हटलं, भाऊबीज आहे. तर म्हने, भाऊ काही मरून नाही राहिला." लिव्हर करकरला. "अन् मंग आईचा फोन आला, का मरून राहिला. सारं घर चूप. सासूबाईनंच गुडघे धरत उठून डबा बांधून देला. तुह्या भाऊजीनं तिकीट काढलं. मोनू म्हने, मामाले माहा बी लिव्हर सांग." ती जराशी हसली. "इतकं सोपं होतं, लिलू. मले माहीतच नव्हतं."

तो बेडूकउड्या मारत राहिला. पडदा त्याला नीट दिसत नव्हता.

"पुढच्या साली काय सांगू?" त्याने विचारलं.

"किडनी."

"गेममध्ये किडनी कुठं असते?"

"पाहू ना. तू एवढा शिकलेला. काढजो काहीतरी."

वेळ संपली. पडद्यावर लिहून आलं : बरोबरी. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच झालं होतं, आणि दोघांनी तसंच बसून ते पूर्ण वाचलं.

जाताना ताईने विक्कीकडून लिव्हर पाटातून सोडवून घेतला. जुन्या ओढणीत गुंडाळून बॅगेत तळाशी ठेवला. "नवा तुह्या भाऊजीले वापस देतो," ती म्हणाली. "हा लावतो तठी. हा लावला का मॅच लवकर संपत नाही." फाइल मात्र विसरून गेली, देवघराच्या फळीवर.

स्टेशनवरून परत आल्यावर लिलाधर मागच्या अंगणात गेला. गाडी कुठवर पोचली ते विचारायचं होतं, नेटवर्क नव्हतं. इतवारीबुवांची माळ आता पोटावर आली होती. काड्या वाळल्या होत्या, गाठी सैल झाल्या होत्या, कारण त्याला पाठ होतं. त्याने ती काढली नाही.

भिंतीवरून भागीरथाबाईंनी डोकं वर काढलं. खरा प्रकार त्यांना मनकर्णाबाईंनी दोनदा सांगितला होता, पण मनकर्णाबाई साधीभोळी, तिला पोरांनी काहीतरी सांगून समजावलं असणार, असं त्यांचं मत होतं.

"गेली का रे ताई?"

"गेली."

"अन् लिव्हर?"

त्याने पुन्हा एकदा तोंड उघडलं. तो लिव्हर, ते लिव्हर, तरफ, दांडा. सगळे शब्द हाताशी होते.

"ताईपाशी आहे," तो म्हणाला.

"पन ते तर द्याले आली होती ना बाबू?"

"हो काकू. घेऊन गेली."

भागीरथाबाईंनी सूप खाली ठेवून पदराने डोळे टिपले.

"अर्धा?"

"पुरा," लिलाधर म्हणाला.